एकट्या वायाळनं बँक बुडवली म्हणे

बुलढाण्यात बसस्टँडसमोरच्या कोणत्याही हॉटेलात बसा आणि आमच्या बँकेचा विषय काढा. चहा यायच्या आत कोणीतरी सांगेलच, "त्या एकट्या वायाळनं बुडवली ना बँक! पण पोट्टा लय हुशार होता, बरं का." सांगणाऱ्याच्या आवाजात हळहळ असते आणि थोडं कौतुकही असतं. मला त्या हळहळीचाही संताप येतो आणि कौतुकाचाही.

मी त्या बँकेत सगळी नोकरी काढली. कारकून म्हणून लागले, शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. निवृत्त झाले असं आपलं म्हणायचं. खरं तर बँक आधी गेली आणि मी मागून. अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "मॅडम, बँकेतले गमतीदार अनुभव लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं." मी हो म्हणाले आणि लिहायला बसले ते हे. त्यांनी छापलं तर त्यांचं मन मोठं.

तशा गमती पुष्कळ होत्या. मी डोणगाव शाखेत असताना द्वारकाबाई नावाच्या एक खातेदार होत्या. म्हशीच्या दुधाचे पैसे ठेवायच्या. महिन्यातून एकदा येऊन काउंटरवर पिशवी ठेवायच्या आणि म्हणायच्या, "मह्या नोटा दाखव वं बाई." काढायच्या नसत, फक्त पाहायच्या असत. एकदा मी कंटाळून तिजोरीतलं एक बंडल आणून समोर धरलं. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्या मह्या नाईत. मह्या नोटीले हळदीचा डाग होता."

मी त्यांना सांगितलं की तुमच्या नोटा इथं बसून नसतात आजी. कोणाच्या ट्रॅक्टरला गेल्या, कोणाच्या दुकानाला गेल्या, काही सरकारकडं गेल्या.

"सरकारले काऊन देल्या? सरकार वापस करते काय?"

"करते आजी. सरकारच करते."

माझं उत्तर बरोबर होतं. सरकार खरंच परत करतं. बुडवणारे दुसरेच असतात.

आता ज्यांचा बँकेशी पासबुकापुरता संबंध आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सरकारला पैसे लागतात तेव्हा सरकार कर्जरोखे काढतं. बँकांनी लोकांच्या ठेवीतला काही भाग या रोख्यांत ठेवायचाच, असा नियम आहे. मुदत संपेपर्यंत रोखा धरून ठेवला तर व्याज येतं, मुद्दल येतं आणि झोपही येते. पण हे रोखे मुदतीआधी बाजारात विकताही येतात, आणि बाजार म्हटला की भाव आला. समजा तुमच्याजवळ सहा टक्के व्याजाची पावती आहे आणि उद्यापासून सगळीकडं आठ टक्के मिळायला लागले. मग तुमची सहावाली पावती कोण घेईल? घेईल, पण भाव पाडून. उलट व्याजदर उतरले तर तुमच्याच पावतीला जास्त भाव. म्हणजे दर खाली तर रोखे वर, दर वर तर रोखे खाली. एवढाच तो खेळ आहे. त्यात काही जादू नाही.

आणि या खेळासाठी बँकेत दोन वेगळी माणसं लागतात. एक जण सौदा करतो. दुसरा, ज्याचं पहिल्याशी काही देणंघेणं नसावं, तो समोरच्या पार्टीला स्वतः विचारतो की हा सौदा खरंच झाला का, आणि कितीला झाला. पहिल्याला शाली मिळतात. दुसऱ्याला लोक खडूस म्हणतात. काही वर्षं मी ती दुसरी होते.

पण आधी महेश वायाळ.

तो डोणगावलाच माझ्या हाताखाली लागला. धाडजवळच्या खेड्यातला, वडील एसटीत ड्रायव्हर. गोरा, हसरा, बोलायला गोड. म्हाताऱ्या बायकांना हात धरून पायरी चढवायचा. आणि स्मरणशक्ती अशी की खातेदार दारात दिसला की त्याचा खातेक्रमांक याच्या ओठावर. मला तो आवडायचा, हे लपवत नाही. सगळ्यांनाच आवडायचा.

एका बाजाराच्या दिवशी सिस्टीम बंद पडली. शाखेत पाय ठेवायला जागा नव्हती. मी मुख्य कार्यालयाला फोन लावायला आत गेले. नियम असा की शिल्लक दिसत नसेल तर पैसे द्यायचे नाहीत, लोकांना थांबवायचं, शिव्या खायच्या. मी बाहेर आले तर महेशच्या काउंटरवर रांग सरकत होती. तो ज्याची त्याची शिल्लक आठवून पैसे देत होता! संध्याकाळी सिस्टीम आली, ताळा जुळवला, एकही चूक निघाली नाही. शाखेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याला केबिनमध्ये घेतलं.

"कोणाले विचारून वाटले?"

"चुकलं काय मॅडम? एक तरी चुकलं काय?"

"चुकलं असतं तं?"

"पण चुकलं नाही ना!" तो हसत म्हणाला.

मी त्याला मेमो दिला. आमच्या बँकेचे अध्यक्ष, ज्यांना सगळा जिल्हा भाऊसाहेब म्हणतो, त्यांच्या कानावर ही गोष्ट दोन्ही अंगांनी गेली. पराक्रमही गेला आणि मेमोही गेला. त्यांचा मला फोन आला. "इंगळे मॅडम, असे पोट्टे दिवा लावून शोधले तरी भेटत नाहीत, अन् तुम्ही त्याले मेमो देऊन राह्यल्या?" महिन्याभरात महेशची बदली बुलढाण्याला, मुख्य कार्यालयात, गुंतवणूक विभागात झाली.

पोट्टा हुशार होता म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. नियम मोडून नशिबानं पार पडलेल्या माणसाला जिथं बढती मिळते, तिथं तो पुढं काय शिकेल? आणि त्याला शिकवलं कोणी?

पुढं माझीही बदली मुख्य कार्यालयात झाली आणि मी वर सांगितलेलं ते पडताळणीचं काम माझ्याकडं आलं. तेव्हा महेश तिथला राजा झाला होता. काचेची खोली, समोर तीन पडदे, दोन फोन. त्या काळात व्याजदर उतरत होते. म्हणजे ज्याच्याकडं रोखे होते तो प्रत्येक जण नफ्यात होता. राजूरच्या घाटात उतारावर सायकल सोडली की पायडल मारावं लागत नाही, पण खाली पोचलेला माणूस म्हणतो, पाहा माझे पाय! महेशचंही तसंच झालं. पण त्याच्यापेक्षा जास्त त्याच्या पायांचं कौतुक भाऊसाहेबांना होतं. कर्जवसुलीला ऊन लागतं, लोकांच्या दारात जावं लागतं, मतं जातात. इथं एक पोरगा एसीत बसून नफा आणून देत होता. लाभांश वाढला, नवी इमारत उठली, संचालकांच्या गाड्या बदलल्या.

वार्षिक सभेत भाऊसाहेबांनी महेशला व्यासपीठावर बोलावलं. शाल, श्रीफळ, फेटा. "हा आपला अर्जुन आहे," म्हणाले. त्याच्या वडिलांनाही वर बोलावलं. वायाळकाका पांढरेशुभ्र कडक कपडे घालून आले होते. त्यांना हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं, शेवटी त्यांनी ते स्टेअरिंग धरल्यासारखे पोटासमोर धरले. मीही टाळ्या वाजवल्या. त्या बापासाठी वाजवल्या.

मग दर फिरले. वर जायला लागले. रोखे उतरायला लागले. सगळ्या बँकांचा नफा घटला, आमचा तेवढा घटला नाही. मला हे पचेना. एक मोठा सौदा दिसला. आपण मुंबईच्या एका दलालामार्फत अमुक बँकेला रोखे विकले, तेही बाजारापेक्षा चांगल्या भावानं. उतरत्या बाजारात चढा भाव देणारा हा दानशूर कोण? मी दलालाला विचारलं नाही, थेट त्या बँकेत फोन लावला. तिथली बाई सरळ म्हणाली, "आमचा तुमच्याशी असा काही सौदा झालेला नाही."

मी खुर्चीतून उठले आणि काचेच्या खोलीत गेले.

"महेश, हे रोखे कोणाले विकले?"

त्यानं माझ्याकडं न पाहता पडद्याकडं पाहिलं. "मॅडम, ते मधल्या पार्टीकडं आहेत. कन्फर्मेशन यायचं हाये."

"ती बँक नाही म्हणते."

"तुम्ही काऊन एवढ्या घाबरता? बाजार फिरते. फिरला की सगळं जाग्यावर येते."

"अन् नाही फिरला तं?"

तो हसला, पण डोणगावचं हसू नव्हतं ते. कपाळावर घाम होता, एसी चालू असताना.

नंतर उलगडा झाला तो असा. तोट्यातले रोखे त्यानं त्या दलालाला कागदावर चढ्या भावानं "विकले" होते आणि तोंडी कबूल केलं होतं की पुढं याहून चढ्या भावानं परत घेऊ. म्हणजे तोटा कागदावर नाहीसा, खरा तोटा दुप्पट. मग तो भरून काढायला मर्यादेबाहेर आणखी मोठे सौदे. जुगारात हरणारा जे करतो तेच, फक्त टाय लावून आणि द्वारकाबाईंच्या पैशानं.

मी त्याच दिवशी भाऊसाहेबांकडं गेले. समोर बसून सगळं सांगितलं, जसं इथं सांगितलं तसंच, सोप्या भाषेत. त्यांनी शांतपणे ऐकलं. त्यांना समजलं नाही असं कोणी म्हणू नये. दर वाढले की भाव पडतो, एवढं ते मला मध्येच तोडून स्वतःच म्हणाले. शेवटी चष्मा काढून पुसला.

"वार्षिक सभा तोंडावर हाये मॅडम. सभा होऊन जाऊ द्या."

"सभेचा अन् ह्याचा काय संबंध?"

"तुम्ही लय थकल्या दिसता. एखाद्या लहान शाखेत राहा जरा."

पंधरवड्यात माझी बदली धाडला झाली. पडताळणीचं काम "सोयीसाठी" गुंतवणूक विभागाकडंच दिलं. म्हणजे महेशनं सौदा करायचा आणि तो खरा झाला का, हे महेशनंच महेशला विचारायचं. संचालक मंडळानं हा ठराव एकमतानं मंजूर केला. त्यात एक वकील होते, एक प्राचार्य होते, एक डॉक्टर होते. एकानंही विचारलं नाही. धाड शाखेच्या तपासणीला लेखापरीक्षक आले तेव्हा मी त्यांनाही सांगितलं. ते भज्यांची ताटली पुढं ओढत म्हणाले, "मॅडम, तो विभाग आता तुमचा नाही ना?" त्या वर्षी बँकेला 'अ' वर्ग मिळाला.

धाडला रफिकभाई नावाचे गादीवाले आहेत. गाद्या, रजया, उशा. वडिलांपासूनचा धंदा. रस्त्यालगतची त्यांची जागा विकली गेली तेव्हा ते पैसे घेऊन नवं दुकान आणि पिंजणयंत्र घ्यायचा त्यांचा विचार होता. बांधकामाला वेळ होता. ते पैसे त्यांनी आमच्याकडं आणले, मुदत ठेवीत.

"मॅडम, इथं ठिवले तं चालते ना? तुम्ही म्हणसान तं ठिवतो."

मी काय म्हणणार होते? काउंटरमागे बसलेल्या माणसाला "ठेवू नका" म्हणायची सोय नसते. त्या एका वाक्यानं दुपारपर्यंत गावभर पळापळ होते आणि बुडायची नसलेली बँकही बुडते. तोपर्यंत माझी बोंब मारून झाली होती आणि सगळ्यांनी मला सांगितलं होतं की बँक 'अ' वर्गात आहे. मी म्हणाले, "ठेवा." माझ्या तोंडून हे वदवून घेतलं त्यांनी. भाऊसाहेबांना मी बाकी कशाची माफी दिली तरी याची देणार नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी भाऊसाहेबांचे मेहुणे शाखेत आले. त्यांच्या, बायकोच्या, मुलांच्या नावच्या सगळ्या ठेवी आमच्याकडं होत्या. मुदत संपायच्या आधी मोडायला आले. व्याजाचं नुकसान होईल म्हटलं तर म्हणाले, "होऊ द्या. पोरीचं लग्न काढलं." मी अभिनंदन केलं. पेढे कधी देता म्हणून विचारलंसुद्धा. पुढच्याच आठवड्यात मुंबईच्या त्या दलालाच्या कार्यालयाला कुलूप लागलं, फोन बंद झाले. आठवड्यानं वरून तपासणीवाले आले आणि बँकेवर निर्बंध लागले. कोणाही खातेदारानं सहा महिन्यांत एका ठरावीक रकमेपेक्षा जास्त पैसे काढायचे नाहीत. ती रक्कम इतकी छोटी होती की त्यात रफिकभाईंच्या दुकानाचा पायाही झाला नसता.

मेहुण्यांच्या मुलीचं लग्न अजून व्हायचं आहे. ती तेव्हा आठवीत होती.

ही बातमी धाडला नेमकी बाजाराच्या दिवशी पोचली. जीपा भरभरून लोक आले. शटर अर्धं खाली करून मी दारात उभी राहिले, कारण आतल्या पोरी रडायला लागल्या होत्या. लोक काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण ते चूक बोलत होते असं मला एकदाही वाटलं नाही. कोणीतरी चहाचा ग्लास भिरकावला, तो माझ्या खांद्याला लागला. मी भाऊसाहेबांना फोन केला. "धाडले या. लोकांसमोर उभे राहा. मी बाजूले उभी राहते." फोन त्यांच्या मदतनीसानं घेतला होता. साहेब पुण्याला गेले म्हणाला. छातीत दुखत होतं म्हणे.

रफिकभाई ओरडले नाहीत. गर्दी जरा ओसरल्यावर आले आणि पायरीवर बसले.

"मॅडम, लोखंड आणून ठिवलं ना मी. सळई. गंजून जाईन."

मग त्यांनीच उठून आतून माठातलं पाणी आणून मला दिलं.

तेवढ्यात रस्त्यावर बुलढाण्याची बस लागली आणि वायाळकाका उतरले. गाडी त्यांचीच होती. वाटेत कोणी काय बोललं असेल ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तेही रांगेत येऊन उभे राहिले, कारण त्यांच्या नोकरीभराची शिल्लकही आमच्याच बँकेत होती. पोरानंच आग्रहानं ठेवायला लावली होती. एकानं ओळखलं. "हाच बाप हाये त्याचा!" कोणीतरी खाकी कॉलर धरली. रफिकभाई मध्ये पडले आणि मी काकांना हाताला धरून आत घेतलं.

ते खुर्चीत बसले नाहीत. उभ्यानंच विचारलं, "मॅडम, खरं सांगा. महेशनं पैसे खाल्ले काय?"

"खाल्ले नाहीत काका. उधळले."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "मंग तं ज्यास्तच वाईट. खाल्ले असते तं काढून तरी देले असते." आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेले. पुढं त्यांनी धाडची ड्यूटी बदलून मागितली, आणि शेवटी मुदतीआधीच नोकरी सोडली.

महेशला बुलढाण्यात घरून उचललं. पेपरात फोटो आला, तोंडावर रुमाल. ज्या हॉटेलात त्याचं कौतुक चालायचं, तिथं त्याच्या नावानं शिव्या सुरू झाल्या. भाऊसाहेबांची मुलाखत आली, "आम्ही तज्ज्ञावर विश्वास ठेवला, आमचीच फसवणूक झाली." त्या तज्ज्ञाचं शिक्षण बी.कॉम. होतं आणि त्याला तज्ज्ञ भाऊसाहेबांनीच केलं होतं, हे कोणी छापलं नाही. मी तपास अधिकाऱ्याला माझा जबाब दिला. भाऊसाहेबांशी झालेलं बोलणं सांगितलं, मेहुण्यांच्या ठेवी सांगितल्या. ठेवी मोडणं हा गुन्हा नाही म्हणाले. आणि बोलण्याला पुरावा काय? कोर्टात महेशच्या वकिलानं मला विचारलं, "तुमची बदली झाली म्हणून तुम्ही नाराज होता ना?" मी म्हणाले, "नाराज नाही, मी संतापलेली होते आणि अजून आहे." न्यायाधीशांनी मला फक्त विचारलं तेवढंच बोलायला सांगितलं. भाऊसाहेब आरोपी नाहीत. ते साक्षीदार आहेत.

जामिनावर सुटल्यावर महेश मला कोर्टाच्या आवारात एकदा भेटला. केस पिकलेले, शर्ट सैल. एका नातेवाइकाच्या कृषी केंद्रात हिशोब लिहितो म्हणाला. वाकून नमस्कार करायला लागला, मी पाय मागं घेतले.

"मॅडम, मी एक पैसा घरी नेला नाही."

"म्हणून काय हार घालू तुले?"

तो हळूच म्हणाला, "पह्यला मोठा लॉस झाला तवा भाऊसाहेबाले सांगतलं होतं मी. रडलो होतो त्यांच्यासमोर. ते म्हणे, सभा होऊन जाऊ दे, तोवर झाकून ठेव."

तेच शब्द. सभा होऊन जाऊ दे. माझ्या अंगाची आग झाली.

"मंग हे आत जाऊन सांग! आज सांग! मी सांगतलं तं बाई नाराज हाये म्हणतात. तू सांगशील तं ऐकावं लागन त्यायले."

तो चपलेनं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "वकील त्यायनंच देला मॅडम मले. फी तेच भरून राह्यले."

डोणगावला ज्याला एवढ्या माणसांच्या शिलका पाठ होत्या, त्याला आता त्यातलं एकही माणूस आठवत नव्हतं.

"तुह्या बापानं अजून गाडी चालवली असती," मी म्हणाले. "तुह्यामुळं मुदतीआधी घरी बसला. त्याच्यासाठी तरी बोल."

तो बोलला नाही. त्या दिवशी नाही आणि त्यानंतरच्या कोणत्याही तारखेला नाही. खटला चालूच आहे. ठेवींवरच्या विम्याचे पैसे लहान ठेवीदारांना मिळाले. द्वारकाबाईंचे सगळे मिळाले असं त्यांच्या सुनेकडून कळलं, तेवढंच समाधान. विमा एका मर्यादेपर्यंतच असतो; त्यावरचे ज्यांचे होते त्यांचे गेले. बँकेच्या नव्या इमारतीवर आता दुसऱ्याच बँकेची पाटी आहे. रफिकभाई रस्त्याच्या कडेला ताडपत्री टाकून गाद्या विकतात.

मागच्या वर्षी भाऊसाहेब माझ्या घरी आले. सोबत सून, हातात फळांची करंडी. छाती अगदी ठणठणीत दिसत होती. सुनेच्या नावानं पतसंस्था काढतोय म्हणाले, पहिली शाखा धाडला.

"तुमच्यावर तिकडच्या लोकाईचा भरोसा हाये मॅडम. तुम्ही फक्त संचालक मंडळावर नाव द्या. काम काही नाही. झालं गेलं आता..."

"काय झालं अन् काय गेलं, नाव घेऊन सांगा," मी म्हणाले.

"आता जुनं काऊन उकरता?"

"रफिकभाईचं दुकान गेलं. वायाळकाकाची नोकरी गेली. तुमचं काय गेलं? सांगा ना. काय गेलं?"

सून उठून उभी राहिली. भाऊसाहेबांनी तिला खूण करून बसवलं आणि माझ्याकडं पाहून तेच जुनं, शांत हसू हसले. मी करंडी उचलून बाहेर ओट्यावर ठेवली आणि दार उघडं धरून उभी राहिले. ते गेले. जाताना म्हणाले, "तुम्ही लय थकल्या दिसता."

पतसंस्थेचं उद्घाटन बाजाराच्या दिवशी होतं. मी सकाळची धाडची बस धरली. मांडव मोठा होता, माईक होता, पेढ्यांचे खोके होते, आणि पहिल्या शंभर ठेवीदारांना स्टीलचा डबा. मी मांडवाच्या तोंडाशी, रस्त्यावर उभी राहिले. ओळखीचं कोणी आलं की अडवून सांगत होते, "इथं ठेवू नका. माणसं तीच आहेत." काही थबकले. काही म्हणाले, "व्याज चांगलं देऊन राह्यले ना मॅडम." एका बाईनं माझ्यासमोरच डब्यासाठी रांग धरली. हवालदार आला. पोरगाच होता, अदबीनं बोलला, "मॅडम, तक्रार आली. बाजूले व्हा." मी म्हणाले, रस्ता सरकारी आहे. अन्याय इथं उघड मांडव घालून बसला होता आणि बाजूला मला व्हायचं होतं!

मी बोलत राहिले. दुपार होत आली तसा माझा घसा बसला. आवाज फाटायला लागला, मग फुटेचना. एक म्हातारा माणूस माझ्यासमोर कानाला हात लावून उभा होता आणि मला त्याला "ठेवू नका" एवढे दोन शब्द ऐकू जातील असे म्हणता येत नव्हते. रडूच यायचं बाकी होतं.

तेव्हा पलीकडच्या ताडपत्रीखालून रफिकभाई उठून आले. हातात कापड मोजायचा गज तसाच होता. त्यांनी मला त्यांच्या रिकाम्या पेटीवर बसवलं.

"बसा मॅडम. तुम्ही लय सांगतलं. आता मी सांगतो."

ते रस्त्याच्या मधोमध गेले, तोंडाशी हात धरले आणि बाजारात गाद्यांचा भाव ओरडतात तशा खणखणीत आवाजात सुरू झाले, "ओ भाऊ! ओ मावशी! इकडं पाहा! मी रफिक गादीवाला! मह्ये पैसे ह्याच लोकायनं बुडवले! ह्याच लोकायनं!"

रांगेतली माणसं वळून पाहायला लागली. कानाला हात लावलेल्या म्हाताऱ्यानं हात खाली घेतला. हवालदारानं पुढं पाऊल टाकलं आणि काय वाटलं कोणास ठाऊक, तो पाठमोरा होऊन बाजाराकडं पाहत उभा राहिला. आत माईकवर भाऊसाहेबांचं भाषण चालू होतं. रफिकभाईंना माईक लागत नव्हता.